आठ क्विंटल कापसाचा लॅपटॉप

दिवाळी उरकली, पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा कापूस विकला गेला की माझा फोन वाजायला लागतो. जामनेर, पहूर, शेंदुर्णी, नेरी... कुठूनही. आधी तब्येतपाणी, मग पुण्यात थंडी पडली का, आणि मग हळूच, "भाऊ, पोराला लॅपटॉप घ्यायचा होता. मोबाईलचं ॲप बनवायला शिकतो म्हणतो. कोणता घेऊ?" मी आयटीत आहे एवढं त्यांना पुरतं. गावात कंपाउंडरलाही बैलाचं पोट का फुगलं ते विचारतात, त्यातलाच प्रकार. :)

दरवेळी तेच ते सांगून आता कंटाळा आलाय. म्हटलं, या शनिवारी एकदाचं नीट लिहूनच काढावं.

आधी हिशोब. दुकानदाराने या लोकांना सांगितलेला आकडा साधारण पासष्ट हजारांच्या आसपास असतो. "ॲप बनवायचं आहे का? मग भारीच लागेल, साहेब." २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ८,११० रुपये. आठ क्विंटलचे झाले ६४,८८०. म्हणजे लॅपटॉप पडला आठ क्विंटलला. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल उतरला तरी लोक बरं म्हणतात, तेव्हा हे जवळजवळ दोन एकरांचं अख्खं पीक. त्यात बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी अजून वजा केलेली नाही. आणि खेडा खरेदीला आलेला व्यापारी हमीभाव देईलच असंही नाही. पुण्यात आपण ऑफिसात बसून "साठ-सत्तरचा घेऊन टाक रे, ईएमआय बसतो" असं अगदी सहज म्हणून जातो. तिकडे फोनवर दोन सेकंद शांतता पसरते, ती आपल्याला ऐकू येत नाही.

तर माझं मत. ते दुकानदारांना आवडणार नाही, याची कल्पना आहे. अँड्रॉईडची ॲप्स शिकायला आणि बनवायला पासष्ट हजारांचं मशीन लागत नाही. तीस हजारांच्या आत, मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसातून निवृत्त झालेला एखादा धट्टाकट्टा बिझनेस लॅपटॉप, त्यात १६ जीबी रॅम आणि एसएसडी, बास. नवाकोरा पस्तीस-चाळीस हजारांचा लॅपटॉप हा मात्र बहुतेक वेळा सगळ्यात वाईट सौदा असतो. ना स्वस्त, ना कामाचा.

आता असं का, ते समजायला मशीनच्या पोटात काय चालतं ते बघावं लागेल. अँड्रॉईड स्टुडिओ उघडला की तो स्वतःच दीड-दोन जीबी रॅम घेऊन बसतो. रन दाबलं की ग्रेडल जागा होतो. नव्या प्रोजेक्टच्या सेटिंगमध्येच त्याला दोन जीबीपर्यंत खायची परवानगी लिहिलेली असते. कॉटलिनचा कंपायलर आपलं ताट वेगळं मांडतो. मग एम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा एक अख्खा फोन, तो आणखी दोन-तीन जीबी. मागे क्रोममध्ये यूट्यूबवरचा धडा चालू आणि दहा टॅब उघडे. आणि या सगळ्याच्या आधी विंडोज स्वतः तीन-चार जीबी गिळून बसलेलं. करा बेरीज. आठ जीबीत हे वऱ्हाड मावत नाही. गूगलने स्वतः लिहून ठेवलंय की नुसत्या स्टुडिओला किमान ८ जीबी आणि एम्युलेटर धरून १६. म्हणजे हे माझ्या मनाचं नाही.

रॅम संपली की मशीन सामान डिस्कवर टाकायला लागतं. एसएसडी असेल तर धकून जातं. जुनी फिरणारी हार्डडिस्क असेल तर मात्र आमच्या पीजेची आठवण येते. पाचोरा-जामनेर नॅरोगेज, २०२० साली थांबली ती थांबलीच. तिच्यात बसलेल्यांना कळेल मी काय म्हणतो ते. पोचवायची ती नक्की, पण मधे उतरून लघुशंका करून परत चढता यायचं म्हणतात!

हे सगळं शिकणाऱ्याच्या दृष्टीने का महत्त्वाचं? कारण शिकणं म्हणजे एक गोष्ट बदलायची, चालवून बघायची, फसली की परत बदलायची. दिवसात हे पन्नास-साठ वेळा. दर वेळी चाळीस सेकंद लागले तर मुलगा खुर्चीत राहतो. चार मिनिटं लागली की व्हॉट्सॲप उघडतो, तिथून रील, आणि बटणाचा रंग बदलायचा राहून गेला हे त्याला संध्याकाळी आठवतं. दोन महिन्यांनी घरचे म्हणतात, "याला काही जमलं नाही, उगाच पैसे घातले." कित्येक पोरं अशी स्वतःला मठ्ठ समजून बाजूला झालेली मी बघितलीत. त्यांच्या डोक्यात काही कमी नव्हतं, मशीनमध्ये आठ जीबी कमी होती.

म्हणून पैसा घालायचा क्रम असा: आधी रॅम, मग एसएसडी, मग प्रोसेसर, मग स्क्रीन. ग्राफिक्स कार्डावर शून्य. "ॲप बनवायला गेमिंग लॅपटॉपच घ्या" हा सल्ला सर्रास दिला जातो. ग्रेडलला त्या लाल-हिरव्या दिव्यांचा आणि ग्राफिक्स कार्डाचा काडीचा उपयोग नाही. युनिटीत थ्रीडी गेम करायचे असतील तर गोष्ट वेगळी, पण मग तो लेख वेगळा.

प्रोसेसरच्या स्टिकरवर मात्र बारीक नजर हवी. "आय-फाईव्ह आहे" हे वाक्य "गाडी होंडाची आहे" याइतकंच माहितीपूर्ण आहे. कोणत्या सालची? इंटेलमध्ये आकडा बघा. आय-फाईव्ह ७३०० यू हा सातव्या पिढीचा, त्याला कोअर फक्त दोन. आय-फाईव्ह ८३५० यू हा आठव्या पिढीचा, त्याला चार. नाव तेच, स्टिकर तसाच, पण बिल्डच्या वेळेत जमीन-अस्मानाचा फरक. शिवाय विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढेच चालतं, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे आठवी पिढी ही लक्ष्मणरेषा धरा. सहावी-सातवी कुणी पंधरा हजारात देत असेल तर त्याला गोड बोलून नमस्कार करा.

एएमडीची गंमत त्याहून भारी. रायझन फाईव्ह ७५२० यू आणि रायझन फाईव्ह ७५३० यू. एका आकड्याचा फरक, काय मोठंसं! पण या नावात तिसरा आकडा आतली रचना किती जुनी ते सांगतो. ७५२० मधला २ म्हणजे २०१९ च्या काळातली झेन २ रचना आणि चार कोअर. ७५३० मधला ३ म्हणजे झेन ३ आणि सहा कोअर. सुरुवातीचा ७ बघून गिऱ्हाईक दोन्हींना "लेटेस्ट" समजतं. त्यात ७५२० यू ला जी रॅम लागते ती बोर्डावर सोल्डर करूनच येते. आठ जीबीचा घेतला तर जन्मभर आठच. नंतर वाढवू म्हणायची सोयच नाही. आणि पस्तीस-चाळीस हजारांच्या कितीतरी नव्या लॅपटॉपमध्ये नेमकं हेच असतं. वर बॅग, माऊस आणि एक वर्षाचा अँटीव्हायरस फुकट. (अँटीव्हायरस बिल्ड अजून मंद करतो, हा बोनस.)

अपवाद आहेत, नाही असं नाही. बाराव्या पिढीचा आय-थ्री असलेला एखादा नवा लॅपटॉप बरा निघतो. तो आठव्या पिढीच्या आय-फाईव्हपेक्षा वेगाने कमी नसतो. पण रॅमचा एक स्लॉट रिकामा आहे का, हे दुकानदाराला विचारून भागत नाही. मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या स्पेसिफिकेशनच्या पानावर बघावं लागतं. "होतं, सगळं होतं" हे उत्तर मी स्वतः एका दुकानात ऐकलंय. लॅपटॉप उघडला तर आत स्लॉटच्या जागी नुसता हिरवा बोर्ड होता.

स्वस्त कॉम्प्युटरची आपल्या देशाला हौस जुनी आहे. २००९ साली तिरुपतीला "दहा डॉलरचा लॅपटॉप" वाजतगाजत दाखवला गेला आणि त्यातून लॅपटॉप म्हणावा असं काही बाहेर आलं नाही. २०११ मध्ये आकाश टॅबलेट आला. ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि बोट रुतेस्तोवर दाबावी लागणारी स्क्रीन. २०२३ मध्ये १६,४९९ रुपयांचं जिओबुक आलं, चार जीबी रॅमचं. यातल्या कुणाचीच टिंगल करायची नाहीये. व्हिडिओ बघायला, फॉर्म भरायला, ऑनलाईन तास करायला जिओबुक पुरतंही. पण ही सगळी बघायची मशीनं आहेत. आपल्याकडे "गरिबांसाठी कॉम्प्युटर" म्हटलं की कायम बघायचंच मशीन डोळ्यासमोर येतं. गावातला मुलगा काहीतरी बनवेल, हे योजना आखणाऱ्याच्या स्वप्नातही नसतं. बनवायला रॅम लागते हो, साहेब.

बरं, मग हे निवृत्त लॅपटॉप येतात कुठून? पुणे, बंगळूर, हैदराबादच्या कंपन्या हजारोंच्या संख्येने लॅपटॉप घेतात, पुष्कळदा भाड्याने. तीन-चार वर्षांनी करार संपला की अख्खा लॉट बाहेर पडतो. साफसफाई होऊन तो रिफर्बिश्ड म्हणून विकायला येतो. लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये, ऑनलाईन, आणि हल्ली जळगावातही. यांची मूळ किंमत लाखाच्या घरात असते. बिजागरी धातूची, कीबोर्ड दणकट, आणि मुख्य म्हणजे चार स्क्रू काढले की आत हात घालता येतो. लेनोवोचा थिंकपॅड टी४८०, डेलचा लॅटिट्यूड ५४९०, एचपीचा एलिटबुक ८४० जी५. तिघेही आठव्या पिढीचे, आणि तिघांतही रॅमचे दोन-दोन स्लॉट. पण टी४८० आणि टी४८० एस यांत गफलत करू नका. त्या शेवटच्या एस मध्ये एक रॅम सोल्डर केलेली असते. टी४८० ला आणखी एक मजा आहे. एक बॅटरी आत आणि दुसरी बाहेरून खटक्याने निघणारी. बाहेरची म्हातारी झाली की नवी लावा, मशीन बंदही करावं लागत नाही.

"पण जुनं?" हा प्रश्न येणारच. आमच्याकडे ट्रॅक्टर जुना चालतो, बुलेट जुनी चालते, तिचं तर कौतुक होतं. लॅपटॉप मात्र नवाच पाहिजे, कारण त्याचा फोटो स्टेटसला लागतो. माझ्या मावसभावाचंच सांगतो. तो जळगावला बीसीए करतो. त्याची धाकटी बहीण जामनेरातच बीएस्सीला. २०२५ च्या उन्हाळ्यात काकांनी ठरवलं होतं पासष्टचा एक घ्यायचा, हप्त्याने. मी म्हटलं, काका, दोन घ्या. त्यांना वाटलं पुण्याला राहून पोराचं डोकं फिरलं.

हिशोब असा झाला. त्याच्यासाठी टी४८०, १६ जीबी करून, सत्तावीस हजार. तिच्यासाठी लॅटिट्यूड, आधी आठ जीबी होता, दुसऱ्या स्लॉटमध्ये आणखी आठ जीबी टाकली, सगळे मिळून पंचवीसच्या आत. दोन मशीन बावन्न हजारात, हप्ता नाही. "तिला वेगळा कशाला, भावाचा वापरेल की," असं काका म्हणालेच होते. पण भावाचा लॅपटॉप भावाबरोबर जळगावला रूमवर जाणार, हे सगळ्यांनाच माहीत होतं. घरात एकच मशीन आलं की ते कुणाच्या बॅगेत जातं, हे काय सांगायला पाहिजे? मुलीच्या वाट्याला तडा गेलेला जुना फोन आणि "तुझं प्रॅक्टिकल कॉलेजात कर." मला वाटतं स्वस्त मशीनच्या बाजूने हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे, बेंचमार्क वगैरे नंतर. एका नव्याच्या पैशात दोन जुने येतात, आणि दुसऱ्यावर नाव कुणाचं लिहायचं हा प्रश्न निदान घरात विचारला तरी जातो.

मावशी तेव्हा काही बोलली नाही. पण त्या रात्री शेवभाजीत माझ्या ताटात शेव जरा जास्त होती, एवढं खरं.

जुनं घ्यायचं म्हणजे डोळे मिटून नाही. बॅटरीचा रिपोर्ट विंडोजमध्येच निघतो. मूळ क्षमता आणि आताची क्षमता असे दोन आकडे त्यात असतात. निम्म्याच्या खाली असेल तर बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून घ्या. बायोसला पासवर्ड नाही ना, ते समोर उघडून बघा. विंडोज नव्याने टाकल्यावर कुठल्या तरी परदेशी कंपनीचं लॉगिन मागत असेल तर तो लॅपटॉप तसाच परत ठेवा, त्याचं लफडं मिटत नाही. याच बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन नावाचं एक सेटिंग असतं, ते चालू पाहिजे. नाहीतर एम्युलेटर रांगतो, आणि दोष मशीनला जातो. स्क्रीनबद्दल तर हटकून विचारा. टी४८० सारखी मॉडेल्स १३६६ बाय ७६८ अशा जुन्या स्क्रीनवरही येत होती. त्यावर अँड्रॉईड स्टुडिओ म्हणजे खिडकीच्या फटीतून लग्न बघणं. फुल एचडीच मागा. यूएसबीच्या प्रत्येक पोर्टला फोन लावून बघा. पक्कं बिल घ्या. आणि निदान सहा महिन्यांची लेखी वॉरंटी असेल तरच पैसे द्या. हे सगळं पंधरा मिनिटांत होतं. बैलाचे दात बघायला आपण त्याहून जास्त वेळ घेतो.

एक वाईट बातमीही सांगायला हवी. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकलेत. एआयच्या डेटा सेंटरांनी जगभरची मेमरी उचलायला सुरुवात केली. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की घरगुती गिऱ्हाइकांसाठीचा आपला क्रुशल ब्रँडच बंद करतोय. आम्ही मे महिन्यात दीड-दोन हजाराला घेतलेली आठ जीबीची स्टिक त्या भावात मिळायचे दिवस गेले. त्यामुळे "आता आठ घे, पुढे वाढवू" हा माझाच लाडका सल्ला मी सध्या देत नाही. सोळा जीबी आधीच बसवलेला शोधा, दोन-तीन हजार जास्त गेले तरी परवडतं.

आणि सोळा झेपतच नसेल तर? आठ जीबीवरही काम होतं, पण एम्युलेटरचा नाद सोडायचा. खिशात फोन आहे ना? त्यात डेव्हलपर ऑप्शन चालू करायचे, यूएसबी डिबगिंग चालू करायचं, केबल लावायची, आणि ॲप थेट फोनवर चालवायचं. अँड्रॉईड ११ पासून तर वायफायवरही होतं, केबल नको. तीन जीबी रॅम वाचली. खरं सांगायचं तर सोळावाल्यांनीही असंच करावं. पुण्यातले आम्ही लोक चकचकीत एम्युलेटरवर ॲप बनवतो, आणि मग ते शेतातल्या माणसाच्या आठ हजारांच्या फोनवर, उन्हात, एका काडीच्या नेटवर्कवर धापा टाकतं. जामनेरातल्या मुलाच्या हातात पहिल्या दिवसापासून तोच फोन असतो. त्या बाबतीत तो आमच्या पुढे आहे. विंडोज काढून उबुंटू टाकलं तर आठ जीबीत आणखी थोडा श्वास मिळतो. स्टुडिओ त्यावर छान चालतो.

"आता एआय कोड लिहून देतं, मशीन काय करायचंय?" असंही एकाने विचारलं. कोड तो लिहील, बिल्ड तुमच्याच मशीनवर व्हायचा आहे. पुढे.

डेस्कटॉप? पैशाच्या हिशोबाने तो लॅपटॉपला हरवतो. ऑफिसातून निघालेले डबीएवढे छोटे पीसी पंधरा-अठरा हजारात मिळून जातात. पण आमच्याकडे वीज नावाची पाहुणी आहे, ती न सांगता येते आणि न सांगता जाते. बिल्ड चालू असताना वीज गेली तर कधीकधी प्रोजेक्टच्या फाईली बिघडतात, तास जातो. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का बघा. साध्या मोडमध्ये तो वीज बदलायला जरा जास्त वेळ घेतो, तेवढ्यात कॉम्प्युटर बसतो. पंख्याला कळत नाही, कॉम्प्युटरला कळतं. इन्व्हर्टर नसेल तर वेगळा यूपीएस आला, मॉनिटर आला, आणि किंमत परत लॅपटॉपला भिडली. लॅपटॉपच्या पोटात बॅटरी म्हणजे फुकटचा यूपीएसच.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला नको. पंचेचाळीसच्या वर पारा गेला की लॅपटॉप स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. मग सकाळी बिल्ड मिनिटात होतो आणि दुपारी तोच तीन मिनिटांत. मशीन बिघडलेलं नसतं. गादीवर, उशीवर ठेवायचा नाही, खाली लाकडी पाट घ्यायचा. वर्षातून एकदा आतला पंखा साफ करून थर्मल पेस्ट बदलायची. ते काम जळगावला गोलाणी मार्केटला गेलात की होऊन जातं. कूलरच्या अगदी तोंडाशी बसू नये, ओली हवा आणि धूळ दोन्ही आत जातात. आणि मे महिन्यात खरं कोडिंग पहाटेच होतं, यावर उपाय नाही.

मॅकचा प्रश्न प्रत्येक फोनवर येतोच. "आयफोनचं ॲप करायला मॅकच लागतो का?" लिहायला नाही, पण बांधून ॲप स्टोअरवर चढवायला हो. फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्हमध्ये विंडोजवर बसून लिहा, अँड्रॉईडवर तपासा. शेवटचा आयफोनचा बिल्ड एक्सकोडशिवाय होत नाही आणि एक्सकोड फक्त मॅकवर चालतो. त्यासाठीही भाड्याचे ढगातले मॅक मिळतात. कोड सगळ्यांना खुला ठेवायची तयारी असेल तर गिटहबवर हे काम फुकटात होतं. भारतात वीसातल्या जेमतेम एकाच्या हातात आयफोन आहे. जामनेरच्या बाजारात उभं राहून मोजलंत तर तेवढेही भरणार नाहीत. शिकणाऱ्याने पहिली दोन वर्षं त्या वाटेला जायचं कारण नाही.

पण एक सापळा आहे, त्याबद्दल सांगितलंच पाहिजे. जुना मॅक. २०१७ चं मॅकबुक एअर वीस-पंचवीस हजारात मिळतंय आणि मागे सफरचंद चमकतंय, म्हणून मुलं भुलतात. ते मशीन माँटेरेच्या पुढे जात नाही. माँटेरेवर एक्सकोड १४ च्या पुढे जात नाही. आणि एप्रिल २०२५ पासून ॲप स्टोअर एक्सकोड १६ च्या खालचं काही घेतच नाही. म्हणजे ज्यासाठी मॅक घेतला तेच होणार नाही, वर आठ जीबी सोल्डर केलेली. इंटेलचे बाकी मॅकही रांगेतच आहेत, अॅपलने २०२५ चं टाहो हे त्यांच्यासाठी शेवटचं असं सांगून टाकलंय. आयफोनचंच काम मिळालं आणि त्याचे पैसे येणार असतील तर मॅक मिनी बघा. एम४ वाला २०२४ मध्ये आला तेव्हा ५९,९०० ला होता, आणि अॅपलने सोळा जीबी त्यात पहिल्यापासून दिली. पण तोवर आपण कमावते झालेलो असतो.

बजेटमधून दोन-अडीच हजार बाजूला ठेवायला मात्र विसरू नका. प्ले स्टोअरवर खातं उघडायला एकदाच पंचवीस डॉलर भरावे लागतात. २०२३ च्या नोव्हेंबरनंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना आणखी एक अट आहे. ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी बारा जणांनी ते सलग चौदा दिवस टेस्टर म्हणून ठेवलं पाहिजे. आधी वीस जण लागायचे, २०२४ च्या डिसेंबरात बारा केले. शहरात यासाठी लोक पैसे देऊन टेस्टर घेतात म्हणे. मावसबहिणीने गल्लीतच जमवले. तिचं ॲप वेचणीच्या हिशोबाचं आहे. कोणत्या बाईने कोणत्या दिवशी किती किलो कापूस वेचला, किती पैसे झाले, उचल किती घेतली. चार वेचणाऱ्या बायका, त्यांची दोन पोरं, काका, मावशी, शेजारचे दोघं, तिची मैत्रीण आणि मी, असे बारा. तक्रारी मात्र भरपूर आल्या. एका काकूंचं म्हणणं, किलोच्या पुढे अर्धा लिहायची सोय नाही. ती झाली. आता एकच राहिलीय. प्रत्येकीच्या नावापुढचे आकडे मराठीत दिसतात आणि खालची बेरीज इंग्रजीत येते. बायकांना ती बेरीज दुसऱ्याच कुणाची तरी वाटते. रविवारी त्यावर बसणार आहे म्हणाली.